जिल्ह्यातून एकच

सोनटोला, चामोर्शीजवळ
८ जुलै १९५४

प्रिय मनसाराम,

तू गेल्यापासून गावात तुह्याशिवाय दुसरी गोष्टच नाई. घाटावर मी आलो नाई. अंगात कसर आहे, असं मायनं तुले सांगतलं असन. कसर-बिसर काही नव्हती. बाबा स्वतः तुले डोंग्यापर्यंत पोचवायले निघाले, तुही पेटी त्याईनं आपल्या गड्याच्या डोक्यावर देल्ली, ते पाहून मले घरातून पाय काढावाच नाई वाटला.

चांद्यात आपण तीन सालं एका खोलीत काढली. बाबानं तुले माह्यासंगं धाडलं ते माहा भात रांधायले. "सोमाजी ढीवराचं पोरगं संगं जाऊ दे, तेही शाळंत बसन," असं म्हणून. तू चुलीपुढं बसून माहीच पुस्तकं वाचली अन् दोघंही मॅट्रिक पास झालो. तवा मले आनंद झाला होता, देवाशपथ. गणितात माहे मार्क तुह्याहून जास्त होते, म्हणून असन.

मंग झाडे स्मारक निधीची शिष्यवृत्ती निघाली. सागवानाच्या त्या शेठनं आपल्या बापाच्या नावानं ठेवलेली, इंजिनिअरिंग शिकणाऱ्यासाठी, जिल्ह्यातून एकच पोरगा. दोघानंही अर्ज केला. मुलाखतीत त्या मोठ्या माणसाईपुढं मी चांगला बोललो. बाहेर येऊन तुले म्हणलंही, "जमलं." तू आत गेला, लवकरच परत आला अन् काही बोल्ला नाई. आता तरी सांग. त्याईनं तुले काय विचारलं? तू काय सांगतलं? हे समजल्याशिवाय मले चैन नाई.

मी बाबाले म्हणलं, मले आपल्या पैशानं धाडा. तर म्हणे, "मालगुजारी गेली तवापासून कचेरीच्या चकरा सुरू आहेत. तू एकुलता एक. शेती कोण पाहीन? पुढच्या साली पाहू." अन् तुह्यासाठी मात्र भर बैठकीत पेढे वाटले. "आपल्या गावचा पोरगा साहेब होऊन राह्यला," म्हणे.

नागपूर कसं आहे, शाळा कशी आहे, बारीकसारीक सगळं लिही. वाचून मले त्रास होईन. तरी लिही.

तुहा,
गुणवंत


नागपूर
२५ जुलै १९५४

गुणवंतभाऊले मनसारामचा रामराम.

तुमचं पत्र भेटलं. तुम्ही घाटावर आले नाई हे मले लागलं होतं. डोंगा नदीच्या मधात जाईपर्यंत मी काठाकडे पाहत होतो. आता कारण समजलं. तुम्ही खरं लिहिलं, म्हणून मीही खरं लिहितो.

मुलाखतीत एका म्हाताऱ्या साहेबानं विचारलं, "आपल्या हातानं कधी काही बांधलं आहे का?" मी म्हणलं, बांधलं तर नाई, पण आमच्या गावच्या तलावाची पाळ दर पावसाळ्यात खचते, तिले माती लावायले माहा बाप अन् मी जातो. त्याईनं कागद देल्ला. म्हणे, काढून दाखव. मी पाळ काढली, जास्तीचं पाणी जायचा सांडवा काढला, वावरात पाणी सोडायचा तुडूम काढला. एवढंच झालं.

इथी ड्रॉइंगचा हॉल आपल्या चांद्याच्या शाळेएवढा आहे. उंच उंच स्टुलं, हरेकाले आपला बोर्ड, आपली टी-स्क्वेअर. पहिल्या दिवशी मी स्टुलावर बसलो तर पाय खाली टेकेना. बाजूचा पोरगा हसला, मीही हसलो. शिकवणं सगळं इंग्रजीत आहे. हळूहळू समजून राह्यलं. खाण्यात पोळी असते, भात नावाले. मायच्या हातचं झिंग्याचं कालवण आठवते.

संगं एक कमान काढून धाडली आहे. माह्या घरी कोणाले वाचता येत नाई हे तुम्हाले ठाऊकच आहे. हे पत्र माय-बापाले वाचून दाखवाल का? दाखवाल तर उपकार होतीन. तुमच्या बाबाले, मालकाले, माहा दंडवत सांगा.

आपला,
मनसाराम


सोनटोला
१४ ऑक्टोबर १९५४

मनसाराम,

तलाव आमचा अन् उत्तर तुहं!

तुहं पत्र वाचून मी तडक तलावावर गेलो. माह्या पणज्यानं खोदलेला तलाव. मालगुजारीसंगं सरकारजमा झाला, तरी लोक अजून मालकाचाच तलाव म्हणते. अन् त्या पाळीवर मी जन्मात एक टोपलं माती टाकली नाई. टाकायले गेलो असतो तर कोणी टाकू देल्ली नसती. मालकाच्या पोरानं टोपलं उचललं तर गाव काय म्हणन! मले त्या साहेबानं हेच विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? मले विचारलंच नाई, ते एक सोड.

तवापासून रोज सकाळी सोमाजीकाकासंगं पाळीवर जातो. पहिले पहिले तो लाजला, "बाबू, तुमी काऊन येता जी?" म्हणे. आता जाळं फेकायले शिकवून राह्यला. बाबा रागावले, बोलले, मंग गप झाले.

तुही पत्रं मी तुह्या घरी वाचून दाखवतो. तुह्या मायनं, देवकाबाईनं, कमानीचा कागद दोन्ही हातात धरला, उलटा धरला, मी सुलटा करून देल्ला. लय वेळ पाहत होती. "याच्याखालून गाडी जाईन का?" म्हणे. मी म्हणलं, जाईन. तो कागद बाबानं मागून नेला अन् काच लावून बैठकीत टांगला. आल्यागेल्याले दाखवते. माहं मॅट्रिकचं सर्टिफिकेट मायच्या लुगड्याच्या पेटीत आहे, तळाशी.

एक काम कर. वर्गात जे शिकवते ते उतरवून मले धाड. मी इथी बसून शिकतो. तुहं काही कमी होणार नाई.

गुणवंत


नागपूर
९ जानेवारी १९५५

गुणवंतभाऊले रामराम.

दिवाळीत भेट झाली, पण बोलणं झालं नाई. मालकानं मले बैठकीत बोलावलं, खुर्ची देल्ली. माहा बाप अंगणात उभा होता. त्यानं त्या बैठकीची पायरी कधी चढली नाई. मी खुर्चीच्या टोकावर बसलो, तर मालक म्हणे, "नीट बस, इंजिनिअर." तुम्ही दारातून पाह्यलं अन् आत निघून गेले. मले त्या खुर्चीत काटे टोचले.

पण माहंही ऐका. घरी आलो तर बाप तुमच्याच गोष्टी करून राह्यला होता. गुणवंतबाबूनं जाळं असं फेकलं, गुणवंतबाबू चिखलात असा पडला. सांगताना बाप हसते. माह्यासंगं तो असा हसलेला मले आठवत नाई. मी म्हणलं, "चाल बाबा, मीही येतो जाळ्यावर." तर म्हणे, "नोको रे, तुहे कपडे खराब होतीन." मायनं मले पाटावर बसवलं, शेजारून कप आणून चहा देल्ला. पावन्यासारखा. मी नागपूरले आलो अन् माहा बाप तुम्हाले देऊन आलो, असं वाटलं. हे कोणापाशी बोललो नाई, तुम्हालेच लिहितो. हे पत्र घरी वाचू नोका.

वर्गातले पाठ धाडायचे राह्यले. सध्या वेळ होत नाई. पुढं पाहू.

आपला,
मनसाराम


सोनटोला
२ मार्च १९५५

मनसाराम,

दोन पत्रं धाडली, उत्तर नाई. पाठही नाई. म्हणे वेळ होत नाई! माह्या पुस्तकाईवर तीन सालं शिकला, तवा मी वेळ पाह्यला नव्हता. समजलं मले. एकच पोरगा पाहिजे ना जिल्ह्यातून, एकच राहीन.

सोमाजीकाका विचारते, पोराचं पत्र काऊन नाई. मी सांगतलं, अभ्यास आहे.

गुणवंत


सोनटोला
२१ जून १९५५

मनसाराम,

झाडे निधीच्या सेक्रेटरीचं पत्र मले आलं. त्याच्यावरून समजलं का तू एप्रिलच्या परीक्षेत दोन पेपरले बसलाच नाई, मुदतीच्या तापानं दवाखान्यात होता, अन् नापास धरला गेला. तू आम्हाले काहीच कळवलं नाई. देवकाबाई रोज वाट पाहते, अन् तू सुट्टीतही तिथंच लपून राह्यला.

निधीचा नियम असा, का साल गेलं तर शिष्यवृत्ती बंद. रिकामी झालेली जागा मागच्या साली दुसऱ्या नंबरावर असलेल्याले द्यायची. तो दुसरा नंबर माहा होता. घेता का, म्हणून विचारलं आहे.

बाबाले पत्र दाखवलं. वाचून म्हणे, "ते त्याचं आहे. पोराले ताप होता, मस्ती नव्हती. सेक्रेटरीले लिही का त्याले एक संधी द्या. खाली माही सही घे." मी म्हणलं, "अन् मी?" ते म्हणे, "तुहं पुढच्या साली पाहू."

पुढच्या साली हा शब्द आला, अन् मनसाराम, माह्या डोक्यात काहीतरी तुटलं. मी उठलो, माडीवर गेलो अन् सेक्रेटरीले 'घेतो' असं लिहून टाकलं. खाली येऊन बाबाले सांगतलं. त्याईनं चष्मा काढला, पुसला. "जा," म्हणे. "पण मी घाटावर येणार नाई."

येत्या आठवड्यात निघतो. तुले राग येईन. येऊ दे. मले सालभर येत होता.

गुणवंत


नागपूर
२८ जून १९५५

गुणवंत,

भाऊ लिहायले हात उठला नाई. तुम्ही म्हणायलेही उठत नाई.

माही जागा रिकामी झाली अन् तुले बोलावलं, यात तुही चूक नाई. पण तुह्या बापानं सांगतलेली एक ओळ तुह्यानं लिहिणं झालं नाई. एक ओळ. मालकाची सही पाहून त्याईनं कदाचित ऐकलं असतं, कदाचित नसतं ऐकलं. तू मले तेही कळू देल्लं नाई.

मी ताप काऊन लपवला ते ऐक. कळवलं असतं, तर ते पत्र माह्या मायले तूच वाचून दाखवलं असतं. माही हार माह्या मायनं तुह्या तोंडून ऐकावी, हे मले नको होतं. अन् पाठ काऊन नाई धाडले तेही ऐक. माह्या वहीत अर्धी पानं कोरी होती. सरांचं इंग्रजी मले समजतच नव्हतं. रात-दिवस घोकून ड्रॉइंग अन् गणित सावरलं, बाकीचं राह्यलं. कोरी पानं धाडू काय तुले?

खिडकीजवळची खाट माही होती. हवा चांगली येते. घे.

मी गावी चाललो. तुह्या डोंग्याच्या वेळेले मी घाटावर नसन, एवढं पाहून निघतो.

मनसाराम


नागपूर
१० ऑगस्ट १९५५

मनसाराम,

उत्तर धाडशीन का नाई ठाऊक नाई. तरी लिहितो, कारण दुसऱ्या कोणाले लिहू?

आलो इथी. तू लिहिलेला हॉल, स्टुलं, बोर्ड, सगळं तसंच आहे. पहिल्या दिवशी टी-स्क्वेअर हातात घेतली अन् खरं सांगतो, डोळे भरून आले. मातीच्या बांधाचा धडा निघाला तवा मी वर्गात सगळ्याईच्या पुढं होतो. सोमाजीकाकासंगं पाळीवर उभा राह्यलेला माणूस दुसरा कोण होता इथी!

पण ऐक. पोरं विचारते, "सोनटोल्याचा? मंग मनसाराम कसा आहे?" मेसचा आचारी विचारते, "तो भातवाला बरा झाला का?" ड्रॉइंगच्या सरांनी काल माही शीट पाह्यली, म्हणे, "चांगली आहे. तुमच्या गावचा तो पोरगा रेघ मारायचा, तिच्यात दम होता." मी एवढा इथवर आलो, तरी मधात तूच उभा. तू इथी नाईस अन् तरी लोक तुलेच पाहून राह्यले.

बाबाचं एकही पत्र नाई. मी तीन धाडली. त्याईची तब्येत कशी आहे, एवढं तरी लिही.

गुणवंत


सोनटोला
८ सप्टेंबर १९५५

गुणवंत,

तुहं पत्र फाडून टाकणार होतो. मंग वाचलं. तुह्या हातातली टी-स्क्वेअर मले दिवसभर दिसत होती. इथी मी जाळं ओढतो, वल्हवतो, अन् मनात म्हणतो, आता गुणवंत हॉलमधी असन, आता सर त्याच्या बोर्डाजवळ आले असन. असा जळून राह्यलो.

मालकाची तब्येत बरी आहे. पण इथी काय झालं ते तुले सांगायलेच पाहिजे.

मागच्या आठवड्यात पाऊस उघडलाच नाई. तलाव काठोकाठ भरला. दुपारी माहा बाप ओरडत आला, तुडुमाजवळ पाळ खचून राह्यली. सगळं गाव जमलं. पाळ फुटली असती तर पहिले आमचा ढीवरटोला गेला असता, तो तिच्या खालीच आहे. आम्ही माती टाकत होतो तर ती वाहून जात होती. मी म्हणलं, सांडवा रुंद कापा, पाणी उतरवा, नाईतर काही टिकत नाई. पण सांडव्याच्या खाली तुमच्या बांध्या, धानाची वावरं. धान पोटरीत आलेलं. कुदळी घेऊन लोक उभे राह्यले अन् मालकाच्या तोंडाकडे पाहू लागले.

मालक म्हणे, "पाह्यता काय? कापा. धान पुढच्या साली होईन."

अन् धोतर खोचून त्याईनं स्वतः टोपलं उचललं. मी म्हणलं, "मालक, राहू द्या जी." तर म्हणे, "माह्या आज्यानं बांधला हा तलाव. मले एक टोपलं तर टाकू दे." एक कुठचं, अंधार पडेपर्यंत टाकत होते. माहा बाप भरून देत होता अन् ते माह्या हातात देत होते. पाळ वाचली. तुमच्या मोठ्या बांधीत आता नुसती रेती आहे.

तवा मले वाटलं, गुणवंत इथी असायले पाहिजे होता. लगेच वाटलं, बरं झालं नव्हता. त्या दिवशी मालकाच्या बाजूले मी होतो. मनात आलं ते लिहिलं.

आता मालक मले रोज दुपारी बैठकीत बसवते, पुस्तकं घेऊन. राह्यलेल्या दोन पेपरची परीक्षा ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा होते. इंग्रजीसाठी मले चामोर्शीच्या मास्तराकडे धाडते. पास झालो तर दिवाळीनंतर दुसऱ्या सालात बसू देतीन म्हणते. बापालेही मालकानं बैठकीत बोलावलं, "सोमाजी, आत ये, बस, पोरगा वाचते ते ऐक." बाप आला, उंबऱ्याजवळ बसला, अन् ऐकता ऐकता झोपून गेला.

मनसाराम


नागपूर
३ ऑक्टोबर १९५५

मनसाराम,

हे पत्र पोचायच्या आधी माही तार तुले भेटली असन, भेटायलेच पाहिजे. तुही परीक्षा महिन्याच्या शेवटी नाई. दसरा-दिवाळीच्या सुट्टीमुळं अलीकडे घेतली. दहा तारखेले पहिला पेपर. ऑफिसात तुहा पत्ता अजून वसतिगृहाचाच आहे, म्हणून सूचनेचं पाकीट माह्या खोलीवर आलं. तसाच निघ.

आता दुसरं. पाकीट सकाळी आलं अन् तार मी संध्याकाळी केली. मधातल्या वेळात काय झालं ते लिहितो.

तुहं ते पाळीचं पत्र आल्यापासून मले जेवण गोड लागत नव्हतं. बाबानं टोपलं उचललं, चिखलात उभे राह्यले, अन् बाजूले तू. सोमाजीकाका बैठकीत बसला, तेही तुह्यासाठी. मी सालभर बाबापुढं पाळीचे वहीभर नकाशे घेऊन फिरलो, तवा त्याईनं वर पाह्यलं नाई. मी इथली जागा घेतली, अन् तू माहा बाप घेतला. हा सौदा मले ठाऊक असता तर मी केला नसता. का केला असता? मले सांगता येत नाई.

पाकीट खिशात घालून मी महालाच्या गल्ल्याईत फिरत राह्यलो. मनात येत होतं, मी नाई पाह्यलं हे पाकीट. कोण विचारणार? तू महिन्याच्या शेवटी येशीन, परीक्षा होऊन गेलेली असन. मंग ही शाळा शिकून निघालेला जिल्ह्यातून एकच ओव्हरसियर. तू आला तर माह्या पुढच्या वर्गात बसशीन, पोरं तुह्याच भोवती जमतीन, सर तुहीच रेघ दाखवतीन. हे सगळं मी मोजून पाह्यलं.

मंग तारघरात गेलो. खिडकीपुढच्या रांगेतून दोनदा बाहेर निघालो. तिसऱ्यांदा मागून एक बाई म्हणे, "पुढं व्हा न भाऊ, आमचाही कोणी वाट पाहून राह्यला." पुढं झालो. तार काऊन केली असं मले विचारू नोको. लवकर ये.

गुणवंत


सोनटोला
८ नोव्हेंबर १९५५

गुणवंत,

तुही तार मूल गावच्या तारघरात उतरली. तिथून डाकवाला नदी ओलांडून आला. तार इंग्रजीत, मालकानं मलेच वाचायले लावली. मी वाचली. "कोणी केली?" म्हणे. मी म्हणलं, गुणवंतनं. ते उठले, गाडी जुंपायले सांगतली अन् स्वतः मले घाटापर्यंत सोडायले आले. डोंगा सुटता सुटता म्हणे, "तो दिसला तर पाहून ये."

नागपूरले मी इतवारीत मामाकडे उतरलो. वसतिगृहावर आलो नाई. दुसरा पेपर देऊन निघालो तवा फाटकाजवळच्या लिंबाखाली उभा राह्यलो. तू चार-पाच पोराईसंगं बाहेर आला, हातात नकाशाची गुंडाळी, कशावर तरी मोठ्यानं हसत होता. आवाज देणार होतो. लिंबाच्या मागं सरकलो. ते हसणं, ती गुंडाळी, ते पोरं, मले वाटलं हे माहं होतं. तू गेल्यावर स्टेशनावर चालत गेलो.

मी पास झालो. परवा कळलं.

शिष्यवृत्तीचंही झालं. झाडे निधीची नाई, ती तुहीच आहे. मागास जातीच्या पोराईसाठी सरकारची एक आहे, ते मालकानं शोधून काढलं. या वयात चांद्यापर्यंत गेले, कचेरीच्या ओट्यावर दुपारभर बसले, साहेब बाहेर आल्याबरोबर त्याले अडवून बोल्ले. परत आल्यावर माह्या मायले म्हणे, "देवकाबाई, ही जिल्ह्यातून एकालेच नाई. जेवढे पोरं लायक, तेवढ्याईले देते." माय म्हणे, "मंग पहिले अशीच काऊन नाई काढली जी?"

हे वाचून तुह्या पोटात दुखन, तुहा बाप माह्यासाठी चांद्याले गेला म्हणून. दुखू दे. पण हेही वाच. नागपूरवरून आलो तवा मालकानं पहिले परीक्षेचं नाई विचारलं. "दिसला का?" म्हणे. मी म्हणलं, दिसला. "बारीक झाला का?" मी म्हणलं, नाई, जाडा झाला. मालक हसले. तू गेल्यापासून ते पहिल्यांदा हसले, अन् ते माह्यासाठी नव्हतं. मले तेही लागलं. ते तुले पत्र लिहिणार नाई, तसा त्याईचा स्वभाव नाई. पण तुही पत्रं उशीखाली आहेत, मी पाह्यली.

मी तुले माफ केलं असं समजू नोको. तुह्या तारेनं माहं साल वाचलं, अन् तुह्याच 'घेतो'नं माही जागा गेली होती. दोन्ही मले आठवत राहीन. दिवाळी झाली का येतो. वर्गात मी तुह्या पुढं असन. हे लिहिताना मले लय गोड वाटून राह्यलं, ते लपवत नाई.

स्टेशनावर येऊ नोको.

मनसाराम


नागपूर
१३ नोव्हेंबर १९५५

मनसाराम,

तू लिंबाखाली उभा होता अन् मले आवाज नाई देल्ला, हे वाचून मी फाटकाजवळ जाऊन तो लिंब पाहून आलो. त्या दिवशी मी कशावर हसत होतो तेही आठवत नाई.

बाबा तुह्यासाठी ओट्यावर बसले. दुखलं. तू लिहिलंच होतं, दुखन म्हणून. मंग ते उशीखालचं पुन्हा पुन्हा वाचलं.

स्टेशनावर येणार नाई. पण वॉर्डनकडे जाऊन विचारलं, दुसऱ्या सालच्या पोराले कोणती खोली देता. वरच्या मजल्यावरची देल्ली. अगदी माह्या खोलीच्या वर. फळ्याईची जमीन आहे, खालून सगळं ऐकू येते. तू पहाटे उठून घोकत फिरशीन, मले ठाऊक आहे. सालभर तुहे पाय माह्या डोक्यावर वाजतीन, अन् मी खाली पडून जळत राहीन, अन् मंग उठून अभ्यासाले बसन.

ये.

गुणवंत